रिकाम्या खुर्चीची सही

लोणार,
दि. ३ जून २०२५

ती. सहदेवमामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि पाटीवर लिहून विचारलं तर एका ओळीला तुम्ही अर्ध्या तासाचं भाषण देता, म्हणून आपलं पोस्टच बरं. इकडे सगळे ठीक. सारिका दहावीत गेली. तुमच्या जावयाच्या, नागसेनच्या, झेरॉक्सच्या दुकानात प्रवेशाच्या फॉर्मची गर्दी आहे. तो म्हणतो, सगळा तालुका शिकून राह्यला, नोकरीवर मात्र कोणी दिसून नाही राह्यलं.

बातमी अशी की आमच्या कॉलेजात इतिहासाची कायम जागा निघाली. एकच. अकरा वर्षं मी जिथे तासिका तत्त्वावर शिकवते आहे, तीच. तुम्हाला ठाऊकच आहे आमचं कसं चालतं. जुलैत मुलाखत, मार्चअखेर घरी, पुन्हा जुलैत त्याच टेबलासमोर तीच मी, जणू आजच बसमधून उतरले. माझ्याच वर्गातली मुलं बाहेर व्हरांड्यात उभी राहून विचारतात की मॅडम, यंदा तुम्हीच ना?

आणि दरवर्षी एक प्रश्न ठरलेला. येत्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता? पहिल्या वर्षी मी दहा मिनिटं बोलले होते. सहाव्या वर्षी दोन वाक्यं. गेल्या वर्षी नुसतं म्हणाले, इथेच, सर. ते हसले, मीही हसले आणि माझे नऊ तास मला परत मिळाले.

या वेळी मुलाखत २४ तारखेला आहे आणि हसून भागणार नाही. माझं वय अडतीस. पुन्हा अशी जागा कधी निघेल, कोणी सांगू शकत नाही. तुम्ही चाळीस वर्षं माणसांना उभं राहून बोलायला शिकवलंत. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मला लिहून द्या, मी पाठ करते. रेणुका, माझी राज्यशास्त्राची मैत्रीण, तीही तासिकेवरच. ती म्हणते की सरळ खरं सांगून टाक, पाच वर्षांनी मी याच खुर्चीत बसून हाच प्रश्न ऐकत असेन.

मामींच्या गुडघ्याचं काय? तुमची माया आजवर पुरली. ती पुढेही पुरेल असं धरून चालते.

तुमची भाची,
समता

---

साखरखेर्डा,
दि. ८ जून २०२५

चि. समतास,
सप्रेम जयभीम आणि मंगलकामना.

आधी भांडण. मला ‘तीर्थरूप’ लिहू नकोस म्हणून तुला सतरा वेळा बजावलं. माझ्यात बुडी मारून कोणी पवित्र होणार आहे काय? तुझी मामी हे वाचून म्हणाली की तीर्थ तर सोडाच, आंघोळीलाच हे दोनदा हाका मारल्याशिवाय उठत नाहीत, आणि आता तर हाकाही ऐकू येत नाहीत.

उत्तर मी लिहून देणार नाही. पाठ केलेलं बोलणं मला दुरून ओळखू येतं, आणि त्या टेबलामागे बसणाऱ्यांनाही येतं. तुला काय हवं आहे ते तूच शोध आणि मला लिही.

मात्र एक ध्यानात ठेव. माझ्या बापाला कोणी विचारलं असतं की पाच वर्षांनी तू कुठे असशील, तर तो म्हणाला असता, ज्याच्या वावरात काम असेल त्याच्या. तुझी आई सातवीला पहिली आली आणि आठवीची शाळा चार कोस लांब म्हणून चुलीपाशी बसली. तिला कोणी विचारलंच नाही. मी मास्तर झालो तो हौशीने नव्हे. मिळेल ते पहिलं काम धरलं. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरात पहिल्यांदा तुला विचारला जातो आहे. त्याला भीक मागितल्यासारखं उत्तर देऊ नकोस. काही हवंसं वाटणं हा अपराध नाही. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या आपल्याला हवंसं वाटू दिलं नाही, अपराध त्यांचा. मान वर कर, आणि मला हे हवं आहे, असं म्हण. त्या एका वाक्यासाठी मी गावोगाव घसा फोडला.

दुसरं. तुमच्या संस्थेच्या निवड समित्यांवर मागासवर्गीय प्रतिनिधी म्हणून माझं नाव नऊ वर्षं आहे. दोन वर्षांपूर्वी कान गेले तेव्हापासून मी बैठकीला गेलेलो नाही. नाव काढा म्हटलं, तर ते म्हणतात, सर, तुमच्या नावाने आमची शोभा आहे. तू माझी भाची आहेस हे मी तिथे कधी सांगितलं नाही आणि सांगणार नाही. आडनावं वेगळी आहेत, त्यांना कळायचं कारण नाही. शिफारशीने मिळालेल्या खुर्चीत माणूस ताठ बसू शकत नाही. तुझी मामी यावरून दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. म्हणे, लोकाच्या लेकरांसाठी सारा जिल्हा पालथा घातला आणि बहिणीच्या पोरीसाठी एक शब्द निघत नाही. कानासोबत तोंडही गेलं काय?

गेलं नाही. पण ते यासाठी उघडणार नाही.

जिव्हाळा आहेच, तो हिशेबाने वापरू नकोस.

तुझा मामा,
सहदेव

---

लोणार,
दि. १४ जून २०२५

आदरणीय मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

बघा, तीर्थ आटवलं. मामींना सांगा.

तुमचं पत्र नागसेनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मामा म्हणजे जबरदस्तच. पण त्या टेबलावर बसणाऱ्याईच्या डोक्यात आधीच नाव पक्कं असलं तं तू मान वर करून काय छत पाह्यशील? मी त्याच्याशी भांडले. मग आतल्या खोलीत जाऊन तुम्ही म्हणालात तसं शोधत बसले. मामा, सोपं नव्हतं. अकरा वर्षं दर जुलैत तोच प्रश्न ऐकून मला काय हवं होतं ते मी विसरूनच गेले होते. आधी कागदावर ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ असलं काहीतरी उतरलं. ते फाडलं. चौथ्या कागदावर हे आलं:

मला एकच वर्ग सलग तीन वर्षं शिकवायचा आहे. पहिल्या वर्षी ज्या मुलीला प्रश्न विचारता येत नाही, ती तिसऱ्या वर्षी माझी चूक दाखवते, हे मला पाहायचं आहे. आजवर मला ते पाहता आलं नाही. मार्चमध्ये माझा धागा तुटतो.

मला या पंचक्रोशीतल्या बायकांचा इतिहास लिहून घ्यायचा आहे. रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी रस्ते आणि तलाव केले, त्या बायका आता सत्तरीच्या आहेत. या भागातला प्रत्येक बांध कोणी खोदला, कोणी दगड वाहिले, मूल कुठे झोपवलं होतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. पाच वर्षांत दोनशे बायका माझे विद्यार्थी गाठतील आणि त्यांचं बोलणं कॉलेजच्या ग्रंथालयात राहील. दहा वर्षांनी हे करायला गेलं तर सांगायला कोणी उरणार नाही.

आणि मला वेळापत्रकात माझं नाव पेनाने लिहिलेलं हवं आहे. आमच्याकडे कायम प्राध्यापकांची नावं शाईने लिहितात, आमची पेन्सिलने, म्हणजे खोडायला सोपं. हे शेवटचं सांगू का नको, तुम्ही ठरवा. रेणुका म्हणते सांगू नको, पुढच्या वर्षी पेन्सिलही काढून घेतील.

परवा मी हे स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं. सारिका दारात उभी होती. ती म्हणाली, आई, तू अशी कधी बोलत नाहीस. मामा, मला वाटतं, मला खरंच हे हवं आहे. इतकं हवंसं वाटणं बरं नाही, भीती वाटते.

तुमच्या मनात मला जागा आहे तेवढी पुरे. बाकीच्या जागेचं २४ तारखेला पाहू.

तुमची,
समता

---

लोणार,
दि. २५ जून २०२५

आदरणीय मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

मुलाखत झाली. क्रमाने लिहिते.

आम्ही तिघंच होतो. एक बाई अकोल्याहून आल्या होत्या. त्यांनी स्वतःच सांगितलं की आपण नुसती संख्या भरायला आलो, तीन उमेदवार लागतात म्हणून मैत्रिणीच्या भावाने बोलावलं, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं आहे. दुसरा हर्षल, सत्तावीस वर्षांचा मुलगा. मुलगा वाईट नाही. मला मॅडम म्हणाला, पाणी आणून दिलं, आणि दुसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम कुठपर्यंत शिकवून होतो असं विचारलं. मी सांगितलं. मग त्याने माझ्या नोट्स मिळतील का विचारलं, तेव्हा मला समजायला हवं होतं. तो संस्थेच्या सचिवांचा सख्खा भाचा आहे.

आत टेबलामागे पाच खुर्च्या. चारांवर माणसं, पाचवी रिकामी. अध्यक्ष मोबाईल पाहत होते. बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ मात्र सज्जन दिसले. प्रश्न तोच आला, त्यांनीच विचारला. मामा, मी मान वर केली. सगळं सांगितलं. तीन वर्षांचा वर्ग, दोनशे बायका, बांध, दगड, झोपवलेली मुलं. शाईचंही सांगितलं. तज्ज्ञ सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की हे काम व्हायला हवं. त्यावर सचिव म्हणाले, हो हो, फारच छान. मॅडम आमच्या जुन्याच आहेत. मग त्यांनी विचारलं की समजा निवड नाही झाली, तर जुलैपासून तासिकेवर येणार ना?

मी हो म्हणाले. तुमच्या भाचीने, मान वर ठेवूनच, हो म्हटलं.

निघताना वामनरावांनी, म्हणजे संस्थेच्या बाबूंनी, सही करायला हजेरीचा कागद पुढे केला. वर समितीच्या सह्या, खाली उमेदवारांच्या. वर पाच नावं होती आणि पाचांपुढे सह्या. खोलीत माणसं चारच. पाचव्या ओळीत मागासवर्गीय प्रतिनिधी, आणि त्यापुढे ती सही, ‘स’ची शेपटी खाली ओढून तिच्यावर दोन टिंबं. पहिलीपासून तुम्ही मला बक्षीस दिलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ती आहे. मी ती हजार सह्यांत ओळखीन.

मामा, तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हता. मी चुकत असेन तर दोन ओळींत कळवा. माझी तशीच इच्छा आहे.

समता

---

साखरखेर्डा,
दि. २९ जून २०२५

चि. समतास,
सप्रेम जयभीम.

तू चुकत नाहीस. सही माझीच आहे.

मे महिन्यात वामनराव आला होता. तो दर दोन-तीन महिन्यांनी येतो, रजिस्टर आणतो, चहा घेतो. या वेळी सात-आठ सुटे कागद होते. वर संस्थेचं नाव, खाली छापलेल्या ओळी, तारखेची जागा कोरी. शाखांच्या शाळांच्या बैठका आहेत, सर, तुम्हाला उगाच उन्हात त्रास कशाला, असं त्याने पाटीवर लिहिलं. मी सह्या केल्या. आधीही केल्या होत्या. दोन वर्षांत कितीतरी. विचारलं नाही. वाचलं नाही.

का केल्या, ते लिहायला मला दोन दिवस लागले. कान गेल्यावर जयंतीला मला बोलावेनासे झाले. सुरुवातीला स्टेजवर खुर्ची देत, मग पहिल्या रांगेत, मग पत्रिकाही येईना. ज्या माणसाला ऐकू येत नाही त्याने फार बोलू नये, असं लोकांना वाटतं. वामनराव तेवढा यायचा. मला सर म्हणायचा. जगात काय चाललंय ते पाटीवर लिहून दाखवायचा. त्याच्या एका तासासाठी मी सही देत गेलो. तू माझी भाची आहेस हे मी तत्त्वासाठी लपवलं. सांगितलं असतं तर तो कागद निदान माझ्याकडे तरी आला नसता. सचिवाने आपल्या भाच्याला जागा दिली. आणि ती द्यायला सही केली ती तुझ्या मामाने.

साक्षरतेच्या वर्गांत मी रात्रंदिवस एकच सांगितलं की न वाचता अंगठा लावू नका, त्या अंगठ्यांनीच आपली जमीन गेली. तुझी मामी त्याच वर्गात लिहायला शिकली. काल ती म्हणाली की लोकाईचे अंगठे सोडवले आणि स्वतःची सही अंगठ्यासारखी लावत बसले. मला ऐकू आलं नाही, म्हणून तिने ते पाटीवर लिहून माझ्यासमोर धरलं.

मी गप्प बसणार नाही. त्या दिवशी मी हजर नव्हतो, सही कोऱ्या कागदावर घेतली आहे, निवड बेकायदा आहे, असं मी विद्यापीठाला लिहितो. माझ्या तोंडाला काळं लागायचं ते लागो. चाळीस वर्षं लोकांना खरं बोला म्हणून सांगितलं. आता माझी पाळी आली तर तोंड लपवू काय?

तुझ्या रागावर तुझा हक्क आहे. त्यात मायेचा एक कण सापडला तर ठेव.

सहदेव

---

लोणार,
दि. ४ जुलै २०२५

आदरणीय मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

ते पत्र पाठवू नका. हात जोडते.

रागावले होते. दोन दिवस तुमचं पत्र उशीखाली ठेवून त्यावर झोपले. आता राग नाही, फक्त हिशेब आहे. हर्षलची निवड जाहीर झाली. तो सत्तावीसचा. साठाव्या वर्षी निवृत्त होईल, म्हणजे ही जागा तेहतीस वर्षांनी रिकामी होईल. तेव्हा मी एकाहत्तरची असेन. मीही सत्तावीसचीच होते इथे आले तेव्हा.

तुम्ही लिहिलंत तर काय होईल ते सांगते. चौकशी लागेल, वर्षानुवर्षं चालेल. निवड रद्द झालीच तर जागा मला मिळणार नाही, ती गोठेल. आणि माझ्या तासिका या जुलैतच जातील. नागसेनचं दुकान फक्त प्रवेशाच्या दिवसांत चालतं; बाकी वर्ष घर माझ्या तासांवर उभं आहे. सारिकाची दहावी आहे. मामा, त्या दिवशी त्यांनी तासिकेचं विचारलं तेव्हा मी हो म्हणून शब्द दिला आहे. तेवढाच आता माझ्याकडे उरला आहे.

तुम्ही म्हणाल, समता भ्याली. हो, भ्याले. तुमच्या भाषणांत भ्यालेल्या माणसांसाठी कधी जागा नव्हती. आता करा.

यापुढे कधी काही मागणार नाही, एवढं ऐका.

समता

---

साखरखेर्डा,
दि. ८ जुलै २०२५

चि. समतास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. माझं पत्र १ तारखेलाच रजिस्टरने गेलं, एक प्रत संस्थेला. त्यात मी लिहून बसलो आहे की उमेदवार माझी भाची आहे. खरं लिहायचं तर पूर्ण लिहावं म्हणून.

तुला विचारायला हवं होतं. हे मला आज सुचलं. उभ्या जन्मात मी लोकांसाठी बोललो, त्यांना विचारून कधी बोललो नाही.

सांभाळून राहा. मला माफी मागायचा सराव नाही, म्हणून थांबतो.

सहदेव

---

लोणार,
दि. २४ जुलै २०२५

आदरणीय मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

हे पत्र मी लिहिलं नसतं तरी तुम्हाला संस्थेकडून कळलंच असतं. ते माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

गेल्या आठवड्यात मंगळवारी तासिकेची मुलाखत होती. आत गेले तर फक्त प्राचार्य आणि सचिव. कोणी आवाज चढवला नाही. सचिवांनी मला चहा मागवला. म्हणाले, सहदेव सर आम्हाला वडिलांसारखे. वयाने असं होतं, यात त्यांचा दोष नाही. आम्ही त्यांच्या शेजारच्या खुर्चीतच बसलो होतो त्या दिवशी, त्यांना आता आठवत नसेल. प्राचार्य खाली पाहत होते. मग एक मसुदा पुढे आला. घरच्या माणसाने हे लिहून दिलं तर प्रकरण तिथेच संपेल, सरांचीही अब्रू राहील, आणि तुमच्या तासिकाही आहेतच, असं सचिव म्हणाले. माझ्याच हस्ताक्षरात हवं होतं.

त्यात लिहिलं होतं की माझे मामा वय वर्षं चौऱ्याहत्तर, दोन वर्षांपासून त्यांची श्रवणशक्ती व स्मरणशक्ती क्षीण झाली आहे. कोणत्या दिवशी कुठे होतो हे त्यांना सांगता येत नाही. सबब त्यांच्या पत्रातील मजकूर विश्वासार्ह धरू नये.

मी तो मसुदा तीनदा वाचला. मधलं एक वाक्य वाकडं झालं होतं, ते लिहिताना नीट केलं. मग सही केली. मामा, तुम्ही न वाचता सही केलीत. मी वाचून केली.

सोमवारपासून आठवड्याला चार तास मिळाले. बाकीचे हर्षल घेणार. तो चांगला वागतो. रोज बसमधून उतरले की नमस्कार करतो. त्या दोनशे बायकांचा विषय तो संशोधन प्रकल्प म्हणून पाठवणार आहे. निवड समितीला तो विषय फार आवडला होता, असं सचिवांनी त्याला सांगितलं म्हणे. पत्ते माझ्याकडे मागितले. मी चार दिले. त्यातल्या एक बाई, मनकर्णाबाई, गेल्या महिन्यातच वारल्या, हे त्याला सांगायचं राहिलं.

मसुदा माझ्या पर्समध्येच घरी आला. नागसेन तो घेऊन दुकानात गेला आणि त्या कागदाची प्रत काढून आणून माझ्यासमोर ठेवली. जपून ठेव म्हणाला. 

कोणत्या तोंडाने लोभ मागू? तुमच्यापाशी माझ्यासाठी काही उरलं असेल, तर तेही मी गमावलं आहे हे मला माहीत आहे.

समता

---

साखरखेर्डा,
दि. १० ऑगस्ट २०२५

चि. समता हिले,
तानामामीचा जयभीम.

तुह्या मामाच्या हातचं पत्र नाही म्हणून घाबरू नको. तब्बेत बरी आहे. चार वेळा लिवायले बसले, चारही वेळा फाडलं. मंग मीच कागद घेतला. अक्षर हसण्यासारखं आहे, हसून घे.

तुहं पत्र मी पण वाचलं. तू सही केली ते बरं केलं का वाईट, मले उमजत नाही. लेकरू दहावीले, घरात दुसरं काय आहे. मी असती तं मीबी केली असती. पण वाचून केली, वाक्य नीट केलं, हे कायले कळवलं व माय? चोरून केलं असतं तं म्हातारं दोन दिवस शिव्या देऊन मोकळं झालं असतं. या घरातल्या माणसाईले खरं बोलायची एवढी खोड, का एकमेकाईचं काळीज कापूनच सांगतात.

संस्थेतून तुह्या कागदाची प्रत आली. नाव पण काढून टाकलं समितीतून. मामानं प्रत वाचली, घडी केली, खिशात ठेवली. मले वाटलं आता विद्यापीठाले दुसरं पत्र जाते. तसं काही केलं नाही.

पण दुसरंच चालू झालं. पंधरा तारखेले विहारात झेंडा आहे, तं पोरं आले होते. दोन वर्षांत पयल्यांदा आले. पाटीवर लिवलं का सर, जुन्या सत्याग्रहाचं थोडं सांगा, तुमच्याशिवाय कोणाले ठाऊक नाही. मले इतका आनंद झाला का चहाले दूध आणायले धावली. परत आली तं पोरं उठून चालले. मामानं त्याईले हात हलवून सांगितलं होतं का आता आठवत नाही. परवा शाळेतले जुने मास्तर आले, नाव घेऊन गळ्यात पडले. याईनं त्याईच्याकडे अनोळखी माणसासारखं पाह्यलं. मास्तर रडत गेले व. गावात झालं सगळीकडे, का सहदेव सरांचं डोकं गेलं.

डोकं काही गेलं नाही. मले भाजीत मीठ कमी पडलं का अजून गेल्या दसऱ्याचंबी काढून सांगतात. मी रागानं पाटीवर लिवलं, हे काय सोंग मांडून राह्यले या वयात? तं म्हणाले, तेबी किती दिवसानं एवढ्या हळू, का पोरीनं सही करून लिवून दिलं आहे. ते खोटं पडलं नाही पाहिजे.

जयंतीचं सारं भाषण तोंडपाठ असलेला माणूस आता दारात बसतो. कोणी विचारलं का मान हलवतो.

तू सध्या येऊ नको. तुले पाहून त्याईले ओळख न दाखवणं जमायचं नाही.

सारिकाले म्हणा अभ्यास कर. मले विसरू नको.

तुही मामी,
तानाबाई